डेल्फिनाने पुसलेलं पान

सारागुरोच्या वरच्या वस्तीत रानातलं ताक्सो झोइला किश्पेइतकं कुणालाच कळत नसे. विद्यापीठाची माणसं या डोंगरी कृष्णकमळाची फुलं मोजत, पानाखालची मऊ लव बघत आणि एकाच वेलाचे चार प्रकार पाडत. दहा वर्षांनी दुसरी माणसं येऊन ते पुन्हा एक करत. झोइला दोघांनाही वाट दाखवी आणि मनात हसे.

एका प्रकाराचं मात्र तिला हसू येत नसे. त्याला तिच्या एकुलत्या एक लेकीचं, डेल्फिनाचं नाव होतं. सोळा वर्षांपूर्वी पोरीने विद्यापीठाच्या माणसांना आणून दिलेल्या पानांना खालून लवच नव्हती, म्हणून तो प्रकार वेगळा ठरला. नाव छापून आलं तेव्हा पोर तापाने जाऊन महिना झाला होता.

तसा वेल पुन्हा कुणाला सापडला नाही. "दरडीखाली गेला," असं झोइला सांगे, आणि विचारणारे परत जात. खरं काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. मक्याच्या पिठाचे तामाल वाफवताना गुंडाळायची पानं पुसावीत तशी डेल्फिनाने ती पानं ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी खसाखसा पुसली होती. झोइला शेजारीच बसली होती. घरात येणारं प्रत्येक पान असंच पुसलं जाई, त्यात बोलायचं काय?

यंदा विद्यापीठातून इनेस आली, सगळे प्रकार नव्याने लावायला. दोन दिवस रान पालथं घालून तिसऱ्या दिवशी तिने दोर काढला.

"झोइलामावशी, मी दरडीवरून खाली उतरून बघते."

"एवढ्या ओलीत? डोकं फिरलंय का तुझं? तुझ्या आईला काय सांगू मी?"

"सांगा, पोरगी फुलं आणायला गेलीय."

झोइलाने कुंपणावरचं ताक्सोचं पान तोडलं, फडकं भिजवलं, पान जोर लावून पुसलं आणि इनेसच्या हातावर ठेवलं.

इनेस भिंगातून बराच वेळ बघत राहिली. पान गुळगुळीत होतं.

"आता तिचं नाव जाणार ना?"

"जाणार, मावशी."

झोइलाला रडू आवरेना. लेक दुसऱ्यांदा जात होती, आणि या खेपेला तिनेच तिला हाताने लोटलं होतं.

"का गेलं, ते लिहावं लागतं?" तिने डोळे पुसत विचारलं.

"लागतं."

"मग चूक झाली असं नको लिहूस. पोरगी टापटिपीची होती, असं लिही."