घड्याळातली वीस मिनिटं

३ फेब्रुवारी १९७८. सकाळपासून दवाखान्याचं मोठं कपाट रिकामं करायला घेतलं आहे. हत्यारं उकळायला विजेवर चालणारं नवं यंत्र आलं आहे, त्याला जागा हवी. डॉक्टर म्हणाले, जुनी भांडी भंगारात देऊन टाका. मी दोन ढीग केले. एक ठेवायचा, एक टाकायचा. काम झटपट चाललं होतं. मग खालच्या कप्प्यात, पार मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लाल इनॅमलचं भांडं निघालं. जाड बुडाचं, एका बाजूला आखूड दांडा, काठाचा टवका उडालेला, आत हिरव्या मुठीचा लांब काटा. ते घेऊन मी तीनदा उठले आणि तीनदा बसले. अजून ते कुठल्याच ढिगात गेलेलं नाही.

"उकळलंय का?"

आमच्या नर्सबाई दवाखान्याच्या पायरीवर पाऊल ठेवता ठेवता हेच विचारायच्या. नमस्कार नाही, कशा आहात नाही. मी हो म्हटलं की छातीशी उलटं टाचलेलं घड्याळ अंगठ्यानं वर उचलायच्या.

"किती?"

"झाली असतील वीस मिनिटं."

"असतील?" आणि मग ठरलेलं वाक्य यायचं, "वीस मिनिटं. घड्याळातली, मनातली नव्हे."

मी इथे कंपाउंडर. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं, याद्या ठेवणं, पुड्या बांधणं माझ्याकडे. बसून करायची कामं. नर्सबाईंना मी बसलेलं क्वचितच पाहिलं. चहा उभ्यानं, भाकरी चालता चालता. लोणावळ्यापासून कुरवंड्यापर्यंतच्या वाड्यावस्त्यांवरची बाळंतपणं त्यांच्याकडे होती. पावलं लांब टाकायच्या आणि बोलायच्या तुटक. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती खोलीत आली की आपलं काहीतरी करायचं राहिलंय असं वाटायला लागतं.

एकदा आम्ही दोघी एका बारशाला गेलो. बाळाची आत्या मधात बोट बुडवून बाळाच्या तोंडापाशी नेत होती. नर्सबाई दारातूनच ओरडल्या, "बोट उकळलंय का?" आत्या जी रुसली ती घुगऱ्या न खाता गेली. परत येताना मी म्हटलं, "जरा गोड बोलायचं." त्या म्हणाल्या, "गोड बोलले असते तर बोट तोंडात गेलं असतं."

त्यांचं म्हणणं खरं होतं.

आता भांड्याची गोष्ट. त्याआधी कुरवंड्याच्या त्या सुनेची सांगायला हवी, कारण नर्सबाईंचं सगळं लक्ष तेव्हा तिच्याकडे होतं. गावाच्या वरच्या अंगाला डोंगराला टेकलेली वस्ती आहे, तिथली ती. दोन बाळंतपणं झाली होती. दोन्ही वेळा सासूनं विळ्यानं नाळ कापली. दोन्ही बाळं आठवड्याच्या आत दूध ओढेनाशी झाली, जबडा मिटला तो उघडला नाही. सासू म्हणायची सटवाईनं नेली. नर्सबाई म्हणायच्या धनुर्वात, विळ्यानं नेली. तिसऱ्या वेळी त्यांनी त्या सुनेला शब्द दिला होता, "याची नाळ माझ्या कात्रीनं."

अडचण एवढीच होती की सासू बाळंतपणाचं काही चुलीवर चढू द्यायची नाही. विटाळ. म्हणून नर्सबाई दवाखान्याचा स्पिरिटचा स्टोव्ह आणि झाकणाचं डबडं बरोबर नेणार होत्या. परक्या आगीवर उकळलेलं सासूला चालणार होतं.

आणि नेमक्या त्याच जानेवारीच्या अखेरीस, आठ वर्षांपूर्वी, नर्सबाई निवृत्त व्हायच्या होत्या. महिनाअखेर शनिवारी आली. मी परत घ्यायच्या सामानाची यादी घेऊन बसले. कात्री एक, चिमटे दोन, स्टोव्ह एक, डबडं एक.

"कात्री आणि स्टोव्ह राहू दे की चार दिवस," त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. "कुरवंड्याच्या सुनेचे दिवस भरलेत."

"यादी अर्धवट राहते नर्सबाई. सोमवारी नवी नर्स येईल, तिच्याबरोबर पाठवू."

"आणि उद्या?"

"उद्या रविवार. आपल्याला जेवायला जायचंय. उद्याच कशी होईल?"

त्यांनी कात्री टेबलावर ठेवली. मी खूण केली, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली डॉक्टरांना दिली. डॉक्टर त्याच संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेले. सगळं नियमाप्रमाणे झालं.

रविवारचं जेवण म्हणजे नर्सबाईंचा निरोप. एका बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्यानं खंडाळ्याच्या रस्त्याला नवं हॉटेल काढलं होतं. दोघं स्वित्झर्लंडला हॉटेलचं शिक्षण घेऊन आलेली. बाईंचा मुलगा नर्सबाईंच्या हातचा, त्यामुळे त्यांनी निक्षून सांगितलं होतं, "सिस्टर, तुमचा निरोप माझ्याकडे. आणि साधं जेवण नाही हां, फोंद्यू."

फोंद्यू म्हणजे काय ते मला तिथे गेल्यावर कळलं. टेबलाच्या मध्यभागी स्पिरिटचा छोटा दिवा, त्यावर हेच लाल भांडं, भांड्यात वितळलेलं चीज. प्रत्येकाच्या हातात लांब काटा, मुठीला वेगळा रंग. माझा पिवळा, नर्सबाईंचा हिरवा. पावाचा तुकडा काट्याला टोचायचा, भांड्यात बुडवायचा, खायचा.

नर्सबाई रस्ता दिसेल अशा खुर्चीवर अर्ध्याच टेकल्या. "सगळ्यांनी एकाच भांड्यात?"

"तीच तर मजा असते, सिस्टर."

"काटा तोंडात घालून परत आत?"

"खाली दिवा आहे ना. गरम असतं."

नर्सबाईंनी वाकून पाहिलं. घड्याळ उचललं. "उकळत नाहीये."

"उकळू द्यायचं नसतं. चीज फाटतं."

"मग काय उपयोग?"

बाई हसून हसून बेजार झाल्या. मीही हसले. चवीला बरं होतं, खारट, दाट पिठल्यासारखं, तिखट मात्र नाही. मी चांगलं खाल्लं. नर्सबाईंनी दोन तुकडे खाल्ले असतील. त्यांचा पाय टेबलाखाली हलत होता, माझी खुर्ची थरथरत होती. नजर फाटकावर. मी दोनदा म्हटलं, "नर्सबाई, आज तरी नीट बसा." तिसऱ्यांदा म्हणणार तोच त्यांचा पाव काट्यावरून सुटला आणि भांड्यात बुडाला.

बाईंनी टाळी वाजवली. "पडला! ज्याचा पाव पडतो त्यानं गाणं म्हणायचं!"

नर्सबाई उभ्या राहिल्या. मला वाटलं, खरंच म्हणतात की काय. पण त्या फाटकाकडे बघत होत्या. तिथे घोंगडी पांघरलेला एक म्हातारा माळ्याशी बोलत होता. कुरवंड्याच्या त्या सुनेचा सासरा.

"आबा! कधीपासून?" त्या खिडकीतूनच ओरडल्या.

"सकाळधरनं कळा देती जी. दवाखान्यात गेलतो, कुलूप हाय. मंग कुणी म्हनलं, बाई हितं जेवाया आल्यात."

कुलूप हा शब्द ऐकला आणि मी काटा खाली ठेवला. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"बाई, कात्री आहे? नवी, गंज नसलेली?"

बाईंनी शिवणाच्या डब्यातली कात्री आणली, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणलं. नर्सबाईंनी टेबलावरचे इस्त्रीचे चार नॅपकिन उचलले. मग भांड्याच्या दांड्याला हात घातला.

"हे चीज ओता कुठंतरी."

"सिस्टर, हे? माझ्या किचनमध्ये एवढी पातेली—"

"पातेली आहेत, पण शेगडी उचलून नेता येत नाही. आग बरोबर लागते मला. या दिव्याची नेता येते."

स्वयंपाकघरात मी ते भांडं राखेनं तीनदा घासलं. चीज सुटता सुटेना. बाईंनी गाडी काढली. गाडी गेली तिथवर गेलो, पुढे चढ. पुढे आबा, मागे नर्सबाई, त्यांच्या मागे मी, भांडं आणि दिवा पोटाशी धरून. नर्सबाईंच्या हातात तो हिरव्या मुठीचा काटा तसाच होता. त्यांना भानही नसावं.

सासू पडवीतच उभी होती. तिनं भांडं हुंगलं. "कशाचा वास म्हनायचा ह्यो?"

"दुधाचा."

"नासल्यालं दिसतंय."

नर्सबाई आत गेल्या. मी पडवीत दिवा पेटवला, वाऱ्याला सूप आडवं लावलं, पाण्यात कात्री आणि दोरा टाकला. एवढ्याशा ज्योतीवर पाणी लवकर तापेना. मी उकिडवी बसले, उठले, परत बसले. आतून त्या सुनेचं कण्हणं, इथे भांड्याच्या तळाशी एकेक बुडबुडा. शेवटी उकळी फुटली. नर्सबाईंनी बाहेर येऊन छातीवरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "कंपाउंडरबाई, आत्तापासून."

अकराव्या मिनिटाला बाळ रडलं.

सासू विळा घेऊन दारात गेली. "झाली की मोकळी! काप की आता, बाई. ह्यो इळा हाय."

"आजी, विळा खाली ठेवा. नऊ मिनिटं आहेत."

"नऊ मिंटं पोर तसंच ठिवायचं व्हय? मरंल की!"

"नाही मरत. आधीची दोन कशानं गेली ते परत सांगू?"

तरी सासूनं विळा ठेवला नाही. मी घड्याळाकडे बघत होते आणि काटा चिखलातून चालावा तसा चालला होता. पंधरा. सोळा. मी एवढी कामं केली आयुष्यात, पण नुसतं बघत बसण्याचं काम मला जमत नाही. सासूच्या हातातला विळा, आतलं रडणं, कपाटातली माझी बंद कात्री. अठराव्या मिनिटाला मी म्हटलं, "झाली."

"घड्याळ दाखवा," आतून आवाज आला.

मी दारातून हात पुढे केला. त्यांनी पाहिलं. "अठरा," एवढंच म्हणाल्या.

ती सून तेवढ्यात बोलली. आवाज अगदी बारीक. "नर्सबाई, हाय ना ती? रडायची थांबली."

"आहे. तुलाच बांधलेली आहे अजून. कुठं जातेय."

वीस झाली तेव्हा मी नुसतं घड्याळ दाखवलं. नर्सबाईंनी उकळत्या पाण्यात तो लांब काटा घातला आणि कात्री अलगद उचलली. दुपारी त्याच काट्यानं त्यांनी पाव बुडवला होता. कात्री चालली. सासूनं विळा भिंतीच्या खुंटीला अडकवला.

पण खरी कसोटी पुढे होती. नर्सबाई निवृत्त झालेल्या, त्यांना कुणी पाठवत नव्हतं, तरी रोज सकाळी कुरवंड्याला चालत जायच्या. परतताना दवाखान्याच्या दारात उभ्या राहायच्या. "ओढते दूध," म्हणायच्या आणि जायच्या. पाचव्या दिवशी मीही बरोबर गेले. सासू तक्रार करत होती, "लय रडती वो. रातभर डोळ्याला डोळा न्हाई."

"रडू दे, आजी. रडतेय तोवर तोंड उघडतंय."

परत येताना उतारावर त्या माझ्यापुढे चालत होत्या. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं. कात्रीबद्दल. त्या इतक्या भराभर चालत होत्या की माझा दम वाक्यात मावेना. राहून गेलं.

दहाव्या दिवशी त्या दवाखान्यात आल्या, स्टुलावर नीट बसल्या आणि बसून पूर्ण कप चहा प्यायल्या. मग पिशवीतून हे लाल भांडं काढलं. हॉटेलच्या बाईंनी परत घ्यायला नकार दिला होता. "त्यात आता मी चीज नाही करायची, सिस्टर," म्हणाल्या होत्या.

"यादीत लिहून घ्या," नर्सबाई मला म्हणाल्या. "भांडं एक. काटा एक."

एवढंच. कात्रीबद्दल त्या कधीच बोलल्या नाहीत. मी लिहून घेतलं.

पुढे त्या परंदवडीला बहिणीकडे राहायला गेल्या. तिथेही वस्तीवस्तीला फिरत असायच्या असं कळायचं. गेल्या दिवाळीआधी वारल्या. निरोप आला तो सोमवार होता, दवाखान्याचा गर्दीचा दिवस. मी गेले नाही. गेले असते तर "पेशंट कोण बघतंय?" असं त्यांनीच विचारलं असतं, अशी मी माझी समजूत घातली. कुरवंड्याची ती मुलगी आता आठ वर्षांची आहे. परवा खोकल्याचं औषध न्यायला आली होती. भयंकर बडबडी.

४ फेब्रुवारी. काल संध्याकाळपर्यंत कपाट झालं. नवं यंत्र जागेवर बसलं. भांडं मी खिडकीत ठेवून घरी गेले.

आज सकाळी वीज नव्हती. नव्या यंत्राचं झाकण उघडून हल्लीची तरुण नर्स नुसतीच उभी. ड्रेसिंगला चार पेशंट बाकावर. मी भांड्यात पाणी घेतलं, चिमटे, कात्री टाकली, स्टोव्ह पेटवला. उकळी फुटली तशी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि स्टुलावर बसले.

"उकळलं ना आता?" थोड्या वेळानं ती नर्स म्हणाली. "काढू?"

अठरा झाली होती. माझाच हात त्या हिरव्या मुठीच्या काट्याकडे गेला होता. मी तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"अजून दोन," मी म्हटलं.