दुसऱ्या टोकाचा पोर्ट

आमच्या बहुतेक ग्राहकांच्या शाखा कधीच फायबरवर गेल्या, पण मयूर विहारजवळच्या एका छोट्या रक्तपेढीची जुनी लीज्ड लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेली स्वतंत्र तार, अजून तग धरून होती. गुरुग्रामच्या ऑफिसात एक राउटर, रक्तपेढीत दुसरा, आणि लाइनच्या दोन्ही टोकांना राउटरमध्ये ती जोडायचं एकेक तोंड, सिरियल पोर्ट. रक्तपेढी माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, ऑफिसातून मात्र मेट्रोने दीड तास.

लाइनवर एरर येत होते. दोन्ही पोर्टची सेटिंग्ज बदलायची आणि शेवटी आपल्या बाजूचा पोर्ट बंद करून चालू करायचा, एवढंच काम होतं. दूरच्या राउटरला हात लावण्याआधी आमच्यात एक रिवाज आहे: त्याला आधीच सांगून ठेवायचं की दहा मिनिटांनी आपणहून रीस्टार्ट हो. आपण चुकून आपलीच वाट बंद केली, तरी सेव्ह न केलेलं सगळं पुसलं जातं आणि तो पहिल्यासारखा उठतो. नव्या लोकांना मी हे दटावून शिकवते.

स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या होत्या, एकेका राउटरची एकेक. प्रत्येकीत राउटरचं नाव लिहिलेलं असतं. मी ते वाचलं नाही. दहा वर्षं काम केलं की माणूस इतका शहाणा होतो. पोर्ट बंद करायची कमांड दिली आणि खिडकी गोठली. मी रक्तपेढीचा पोर्ट बंद केला होता, आणि तो उघडायला जायची वाट त्याच पोर्टमधून होती.

दहा मिनिटं थांबू, म्हटलं. मग दुसरी खिडकी पाहिली. रीस्टार्टची सूचना मी तिथे, ऑफिसच्या राउटरला दिली होती. रक्तपेढीचा राउटर आपणहून उठणार नव्हताच, उलट सगळ्या शाखा ज्याच्यावर चालतात तो ऑफिसातला राउटर सहा मिनिटांत बंद पडणार होता. ती सूचना रद्द करताना माझी बोटं तीनदा चुकली. तिकडचा राउटर उठला की दोन्ही टोकं जुळावीत म्हणून इकडचं सेटिंगही पूर्वीसारखं करून टाकलं.

तेवढ्यात रक्तपेढीतून फोन आला. तिथल्या टेक्निशियन बाई, आवाजावरून पन्नाशीच्या. कॉम्प्युटर अडकलाय, म्हणाल्या. समोर एक गृहस्थ मुलीसाठी रक्त न्यायला उभे आहेत, ऑपरेशन थांबलंय, आणि याच लाइनवरून हेड ऑफिसची मंजुरी आल्याशिवाय त्यांना पिशवी देता येत नाही. मागून त्या गृहस्थांचा आवाज येत होता. ते ओरडत नव्हते, फक्त किती वेळ लागेल एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. बाई टेबलाखाली वाकल्या. बोर्डात दोन सारखेच काळे प्लग होते, एक राउटरचा, एक रक्ताच्या फ्रिजचा.

"कौन सा निकालूँ, मॅडम?"

माझ्या तोंडून "ऊपर वाला" निघतच होतं. मला काय ठाऊक वरचा कुठला? मी म्हटलं, "प्लग को हाथ मत लगाइए. डिब्बे के पीछे एक बटन है, वही दबाइए."

बटण सापडायला वेळ लागला. राउटर उठेपर्यंत मी स्क्रीनवरून नजर हटवली नाही. मग स्क्रीनवर पोर्ट चालू दिसला. तिकडे प्रिंटर घरघरला, आणि बाईंनी त्या गृहस्थांना पिशवी दोन्ही हातांनी धरायला सांगितल्याचं ऐकू आलं.

बाई पुन्हा फोनवर आल्या. "मॅडम, आज आपने बचा लिया. वो भाईसाहब आपको दुआ देकर गए हैं."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. "कोई बात नहीं," म्हणाले आणि फोन ठेवला.