पुढच्या चाकातली राख

माझ्या थोरल्या साडूने मला फसवले. लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप त्यांनी मला विकली आणि तिच्या पुढच्या डाव्या चाकाचा एक्सल झिजून संपला आहे, हे ठाऊक असून लपवले. आमच्या नात्यात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे ती हसून सांगतात. मी हसत नाही.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर नागपुरात या गाड्यांचा सुकाळ झाला होता. ज्याने जन्मात सायकलला तेल दिले नाही तोही लिलावातून जीप आणी, दारात उभी करी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा तिला टेकून राही. माझे साडू त्यातलेच. कचेरीत हेडक्लार्क, चालताना धोतराचा सोगा चिमटीत, आणि चिखल दिसला की दहा पावले वळसा. त्यांना जीप कशाला हवी होती, हे त्यांनाही सांगता आले नसते.

मला मात्र ती हवी होती. स्टेशनाबाहेर टोपली घेऊन बसण्यापासून मी संत्र्याचा धंदा उभा केला. त्या वर्षी कळमेश्वरकडच्या एका बगीच्याचा सगळा माल झाडावरच विकत घेतला होता. जवळ होते नव्हते ते सगळे त्यात घातले होते. बगीचा नाल्यापलीकडे. अवकाळी पाऊस होऊन काळ्या मातीचा राडा झालेला, आणि गावातल्या बैलगाड्या सगळ्या कापसाला लागलेल्या. चारही चाकांनी ओढणारी गाडीच तो नाला पार करू शकत होती. पिकलेले संत्रे कोणासाठी थांबत नाही. साल सैल होते, आत पोकळ पडते, मग ते शेळ्यांनाच चालते.

मी ती जीप बैल पाहावा तशी पाहिली. खाली झोपून स्प्रिंगचे पाटे पाहिले, टायरात नख रुतवून पाहिले. एक्सल झिजला असला की चाक पुरते वळवल्यावर कटकट आवाज येतो, हे मला एका ड्रायव्हरने सांगितले होते. म्हणून मैदानात नेऊन डावीकडे दहा आणि उजवीकडे दहा फेरे मारले. आवाज नाही.

साडू सावलीत उभे होते. म्हणाले, "काहून इतकं तपासून राहिला गा? घरची गाडी आहे. बाजारातली म्हैस आहे का?"

"म्हैस असती तं दूध काढून पाहिलं असतं, साडूभाऊ."

"तूच चालव, तूच सांग. मले त्यातलं काय समजते."

त्यांच्या सगळ्या बोलण्यातले तेवढे एक वाक्य मी खरे धरले. भाव करायला बसलो तेव्हा ते फार लवकर खाली आले. माझ्यापुढे इतक्या लवकर खाली येणारा माणूस एकतर मूर्ख असतो किंवा त्याला माल दारातून घालवायची घाई असते. मी त्यांना मूर्ख धरले. त्यांच्या बाबतीत ती माझी सवयच होती.

तिसऱ्या खेपेला, नाल्यातून वर येताना, पुढच्या चाकांचा जोर लावून स्टेअरिंग वळवले आणि खालून खाडकन आवाज झाला. टोपल्या उतरवल्या, पुढचा जोर काढून टाकला आणि मागच्या चाकांवर, कटकट ऐकत, रिकामी गाडी घरी आणली. गॅरेजवाल्याने खुर्चीतून न उठता सांगितले, "गाडी सोडून जा. पंधरा दिवसांनी या." पंधरा दिवसांनी मी बगीच्यात काय करायला जाणार होतो?

म्हणून फौजेच्या वर्कशॉपमधून सुटून आलेला एक मिस्त्री घरी आणला. अंगणात फरशीवर जॅक चढवला, चाक काढले, ब्रेकचा ड्रम काढला. गंजलेले नट मातीच्या तेलात, म्हणजे रॉकेलमध्ये, भिजवून, हातोडी मारून एकेक सोडवले. चाक वळते तिथे एक्सलला सांधा असतो आणि तो एका लोखंडी गोळ्यात बंद असतो. मिस्त्रीने एक्सल ओढला तसा तो सांध्यातून तुटून अर्धाच हातात आला आणि मागोमाग घमेल्यात काळाकुट्ट चिखल पडला. त्यात सांध्यातले फुटके छर्रे.

मिस्त्रीने बोट बुडवून नाकाशी नेले. "सेठ, हे ग्रीस नाही जी. फौजेत असं काही पाहिलं नाही. बैल जुंपले होते का हिले?"

मी वाकलो आणि वासावरूनच ओळखले. एरंडीचे तेल आणि जाळलेल्या तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, राख. बैलगाडीच्या आखाला घालतात ते वंगण. झिजलेल्या सांध्यात ते ठासून भरले की खुळखुळ बंद होते आणि गाडी आठ-पंधरा दिवस मुकाट चालते. तेवढ्यात त्यातली राख उरलेले लोखंड खाऊन टाकते. बाजारात करकरणारी बैलगाडी खपवायची ही जुनी युक्ती. ती साडूंना कोणी शिकवली, हे मला कळेना. मी मोठ्याने विचारलेही.

बायको चहा घेऊन दारात उभी होती. साडू तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ती म्हणाली, "तुमीच शिकवलं. पुतणीच्या लग्नात, पंगतीत बसून. करकरती गाडी वंगण भरून कशी विकली ते. भाऊजी बाजूलेच होते. दोनदा सांगायले लावलं त्यायनं तुमाले."

मिस्त्री पाना पुसायला लागला. पाना स्वच्छच होता.

सांगितले होते, नाकारत नाही. पण मी ती बैलगाडी भर बाजारात अनोळखी माणसाला विकली होती. तिथे दोघेही डोळे उघडे ठेवूनच येतात. साडूला विकली नव्हती.

तुटका एक्सल, आत राहिलेल्या अर्ध्यासकट, खांद्यावर टाकून मी कबाडी बाजारात गेलो. या गाडीचा एका बाजूचा एक्सल लांब असतो, दुसऱ्या बाजूचा आखूड. कबाड्याने आखूडच पुढे केला आणि शपथेवर सांगितले, "दोन्हीकडे हाच लागते." मी खांद्यावरचा त्याच्या शेजारी ठेवला. तो म्हणाला, "आधी दाखवाचा ना गा." त्याच्याशी दुपार घालवून चांगल्या सांध्याचा लांब एक्सल आणला. मिस्त्रीने तो गोळा मातीच्या तेलाने तीनदा धुतला, खरे ग्रीस भरले, सगळे परत चढवले. जीप त्याच नाल्यातून हूं की चूं न करता वर आली. पण दोन दिवस गेले होते. निम्मा माल झाडाखाली पडला होता आणि राखणदार शेळ्या हाकलायचेही सोडून बसला होता.

ते वंगण मी पळसाच्या पानात बांधून साडूंच्या ओट्यावर नेऊन ठेवले. सासरेही बसले होते. साडूंनी पान उघडले, पाहिले आणि म्हणाले, "वंगणच आहे ना? गाडीतच घातलं. तुह्या डोळ्यात तं नाही घातलं." सासरे हसले. मग त्यांनी कोणाच्या तरी सोयरिकीचा विषय काढला.

सौद्याच्या आदल्या दिवशी मीच साडूंना तो बगीचा दाखवायला नेले होते. झाडाखाली उभे राहून त्यांनी दोन संत्री सोलून खाल्ली. नाला पाहून विचारले, "इथून माल कसा काढशील गा?" मी म्हणालो, तुमच्या गाडीची पुढची चाके ओढतील. त्यांनी मान हलवली. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच गाडी माझ्या हाती दिली. आता ते पेन्शनीत आहेत, वाचायला वेळ आहे. साडूभाऊ, मान हलवताना त्या चाकात राख भरलेली होती की घरी जाऊन भरलीत? एवढे सांगा, आणि सासऱ्यांसमोर सांगा.