न आलेल्या गाडीचा सत्कार

कप खाली ठेवा आधी, मग सांगतो. मागच्या खेपेले हा किस्सा ऐकताना माझ्या साडूले असा ठसका लागला का पाठीत बुक्के माराव लागले. अन् हसून राह्यला होता तो माझ्याच गाढवपणावर!

मी हमीद टेलर. कुरखेड्याच्या पुढं, जंगलाच्या कडेला आमचं गाव. बसस्टॉपसमोर माझं शिलाईचं दुकान. पण खरा रुबाब दुसराच! मी चंद्रपूरच्या एका पेपरचा वार्ताहर होतो. पगार काही नाई, पण खिशाले पेन लावून निघालो का पोलीस पाटीलबी नमस्कार करे.

आता आमची बातमी जाये कशी? गावात फोन एकच, तोबी अर्धा वेळ मुका. बातमी पाकिटात घालायची अन् दुपारच्या लाल गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. आज दिलेली बातमी परवा छापून ये. तोवर ती शिळी! म्हणून ज्या कार्यक्रमाची तारीख ठरली, त्याची बातमी मी आदल्या दिवशीच ‘उत्साहात संपन्न’ करून टाको. तुम्हीच सांगा, हळदीकुंकू कधी निरुत्साहात संपन्न होते का? कधीच चुकलं नाई. त्याच्यातच मी माजलो.

त्या साली गावात एकच विषय होता, सकाळची गाडी. कॉलेज कुरखेड्याले, भरे आठ वाजता. अन् आमची पहिली गाडी अकराची! पोरं सायकलनं जात. पण मधात सगळं जंगल, पोरींले कोण पाठवते?

माझ्या दुकानामागं देवाजीभाऊचं घर. धानाची शेती, माणूस सरळ, पण हट्टी. त्याची सुनंदा दहावीत शाळेतून पहिली आली होती. शेवटी डेपोतून निरोप आला का सोमवारपासून सहाची गाडी सुरू. देवाजीभाऊनं मले सांगून टाकलं.

“हमीदभाऊ, सोमवारी गाडी आली तं पोरगी कॉलेजात जाईन. नाई आली तं तिच्या मामानं आनलेल्या स्थळाले हो म्हनतो. गाडी येते, येते, आयकून कान किटले माझे.”

“येते ना भाऊ! डेपोचा निरोप आहे.”

सुनंदानं तर माझ्याकडून नवा सलवार-कुर्ता शिवून घेतला. दोनदा येऊन बाह्या तपासून गेली.

झालं! रविवारी मी मशीनवरच कागद ठेवला अन् सोमवारची बातमी लिहून काढली. ‘पहिल्या गाडीचे जंगी स्वागत. सरपंच सुमनबाईंच्या हस्ते नारळ. चालकाचा शाल देऊन सत्कार. पहिले तिकीट कु. सुनंदा हिने काढले. उपस्थितांचे डोळे पाणावले.’ पाकीट गेलं.

सोमवारी सहा वाजता सारं गाव हजर. वाजंत्री, नारळ, हार. सुनंदा नवा ड्रेस घालून पुढं उभी.

साडेसहा झाले. सात झाले. नऊ वाजले! उपस्थितांचे डोळे खरंच पाणावले हो, पण रस्त्याकडं पाहून पाहून! गाडीचा पत्ता नाई.

मी पळत फोनकडं गेलो, पेपरवाल्यांले बातमी थांबवा म्हणून सांगाले. फोन मुका.

मंगळवारी पेपर आला. तीन कॉलम! आजवर माझी बातमी एका कॉलमाच्या वर गेली नव्हती, अन् गेली तं अशी. देवाजीभाऊ पेपर घेऊन दुकानात आला.

“वा रे पेपरवाल्या! तुझ्या पेपरात पोरगी कॉलेजात गेली, अन् इथी चुलीपाशी बसून रडून राह्यली. रविवारी पाहुने येऊन राह्यले तिले पाहाले.”

मागून सुनंदा आली. ड्रेसची घडी माझ्या टेबलावर ठेवली अन् म्हणे, “चाचा, कोनाले होत असंल तं देऊन टाका.”

शप्पथ सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं मले.

बुधवारी सरपंच सुमनबाई मले धरूनच डेपोत घेऊन गेल्या. डेपोच्या मोठ्या साहेबांसमोर बाई कडाडल्या, “गाडी काऊन नाई आली?”

साहेबांनी शांतपणे फाइल उघडली. आत माझी बातमी चिकटवलेली!

“बाई, गाडी तर आली. हे पाहा, नारळ तुम्हीच फोडला.”

“मी?”

“छापून आलंय. कोण आहे हा वार्ताहर?”

सुमनबाईंनी माझ्याकडं नुसतं पाह्यलं. म्हटलं, हमीद, आता लपून उपयोग नाई.

“मीच तो, साहेब. आदल्या दिवशीच लिवलं मी. सारं खोटं आहे. तुमच्या वरच्या साहेबांले तसं पत्र लिवून देतो. माझी वार्ताहरकी गेली तं जाऊ द्या, पण पोरीचं कॉलेज जाऊ नका देऊ.”

साहेब ताडकन उठले. “पत्र? अहो, थांबा! गाडी बिघडली होती, मी पुढच्या महिन्यावर टाकलं होतं. पण तुमची बातमी वाचून वरून फोन आला, शाब्बास म्हणाले! आता गाडी गेलीच नाही असं कोणत्या तोंडानं सांगू?”

सुमनबाई गालात हसल्या. “मंग पाठवा ना गाडी. तुमचंबी खरं, याचंबी खरं.”

गुरुवारी सहाले पाच कमी असताना जंगलातून हॉर्न ऐकू आला. काय सांगू, इतका गोड आवाज मी जन्मात नाई ऐकला! रात्रीच मी परत नेऊन दिलेला नवा ड्रेस घालून सुनंदा चढली, पहिलं तिकीट काढलं. देवाजीभाऊ तोंड फिरवून डोळे पुसून राह्यला होता. मले म्हणे, “पाहुन्यायले नाई म्हनून सांगतो.” माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

पण ड्रायव्हर काही गाडी हलवेना!

“काय झालं, भाऊ?”

त्यानं खिशातून पेपर काढला. “माही शाल कुठी आहे?”

पळत घरी गेलो. सासऱ्यानं ईदले दिलेली कोरी शाल पेटीतून ओढली. मागून माझी बायको शमीम ओरडली, “अब अपना कुर्ता बी दे दो ड्रायव्हर को!” सत्कार झाला, तवा गाडी हलली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहून, एकेक अक्षर खरं लिहून बातमी पाठवली. आठ दिवसांनी पाकीट परत! वर संपादकाचा शेरा, ‘ही बातमी छापून झाली आहे. शिळ्या बातम्या पाठवू नये.’

अन् गावात? मी वही-पेन घेऊन कुठी उभा राह्यलो का लोक गोळा होतात. “हमीदभाऊ, दवाखान्यात डॉक्टर आला म्हनून लिव ना!” “नळाले पानी आलं म्हनून छाप ना!”

“अरे, आता मी फक्त खरं लिवतो!”

तर देवाजीभाऊ काय म्हणे? “खरं आमाले दिसतेच ना, बाबा. तू खोटंच लिव. तुह्या खोट्याचाच गावाले उपयोग होते.”