घोडीच्या पोटातलं बेणं

माझ्या नाकावर कायम राग असायचा, आणि तो बहुतेक वेळा आबांवरच निघायचा. आबा म्हणजे माझे वडील. नव्वदीचं दशक होतं. मी कळसहून एसटीने बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकायला जायचे आणि घरी आले की मेंढरांच्या वासाला नाक मुरडायचे. घोडी मात्र माझी लाडकी. दिवाळी झाली की आई-आबा मेंढरं घेऊन कोकणाकडे निघायचे, तेव्हा भांडीकुंडी, अंथरुणं, नुकती जन्मलेली कोकरं, सगळं बिऱ्हाड तिच्याच पाठीवर असायचं.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर घोडी वाळायला लागली. लीद पातळ, केस राठ, बरगड्या उघड्या पडलेल्या. तिचं शिंगरूही तसंच. आबांनी नेहमीचं जंताचं औषध बांबूच्या नळकांड्यातून दोघांना पाजलं. काही दिवसांनी पुन्हा पाजलं. पालथ्या घड्यावर पाणी! घोडीने चाऱ्याला तोंड लावणंच सोडलं. "बाटलीच बोगस हाय," म्हणत आबा आणखी एकदा पाजायला उठले, तेव्हा मी बाटली हिसकावून घेतली आणि बारामतीहून जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले.

डॉक्टर लीद तपासायला घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच परत आले. एवढं औषध पोटात जाऊनही लिदीत जंतांची अंडी तशीच होती. "औषध चांगलं आहे. जंत बदललेत," ते म्हणाले. "तुम्ही ते कधी पाजता?"

"निगायच्या आदल्या दिशी," आबा छाती काढून म्हणाले. "तळावरच्या समद्या बिऱ्हाडांच्या घोड्यांना. एक बी सोडत न्हाय. नव्या गवतावर जुनी घाण न्यायची न्हाय, ही आमची रीत हाय."

डॉक्टर म्हणाले, "आबा, घात तिथंच झाला. हे औषध जंताच्या अंगात एका ठरावीक जागी चिकटतं, म्हणून तो मरतो. पण एखादा जंत ती जागाच थोडी वेगळी घेऊन जन्माला येतो. औषधाला धरायला काही सापडत नाही. बाकीचे मेले, तो जगला. नव्या कोऱ्या गवतावर अंडी पडली ती त्याचीच. त्याची पिल्लं त्याच्यावरच जाणार. असं दरवर्षी झालं."

आबांचा चेहरा उतरला. "म्हंजी उसाचं राखावं तसं जंताचं बेणं आमीच राखलं," ते म्हणाले आणि खाली बसले. मला त्यांची इतकी कीव आली की राग कुठल्या कुठे गेला.

डॉक्टरांनी पुण्याकडच्या एका तबेल्यातून वेगळ्या जातीच्या औषधाची वापरलेली नळी मागवून घेतली. तीत एका जनावरापुरतंच औषध उरलं होतं. नवी नळी यायला आठवडा लागणार होता आणि घोडी तोवर तग धरेल असं कुणालाच वाटत नव्हतं. "दोघांत वाटू नका," त्यांनी जाताना बजावलं. "अर्ध्या औषधाने कमजोर तेवढे मरतील. तगडे राहतील आणि वाढतील."

"घोडीला द्या," आई म्हणाली. "शिंगरू काय बिऱ्हाड व्हानार हाय का?" मीही तेच म्हणत होते.

आबांनी नळी हातात घेतली. "अर्दं-अर्दं देतो. दोगं बी आपलीच हायत."

मी त्यांचं मनगट धरलं. ओरडायचं होतं, पण मला रडूच फुटलं. "न्हाय आबा. अर्दं द्यायचं न्हाय."

ते घोडीपाशी गेले. तिचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पोटावर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले, आणि आता नळी तिच्या तोंडात जाणार म्हणून मी तिची मान धरली. "हिच्या अंगात रगतच न्हाय ऱ्हायलं. औषद वाया जाईल," म्हणत ते वळले. शिंगराचा जबडा उघडून त्यांनी सगळं औषध त्याच्या जिभेवर सोडलं. आई पदरात तोंड लपवून घरात निघून गेली. मला आबांचा इतका संताप आला की त्या दिवशी मी जेवले नाही.

आबा शिंगरापाशीच बसून राहिले. त्याने लीद टाकली की बोटांनी फोडून बघायचे. मग एका सकाळी त्यांची आरोळी ऐकू आली, "पोरी, पळ! मेल्यात गं, समदे मेल्यात!" मी धावले. लिदीत दोऱ्यासारखे बारीक जंत निपचित पडले होते आणि शिंगरू मान हलवत कडबा ओढत होतं. आबा लहान मुलासारखे हसत होते.

तेवढ्यात पलीकडून आईने हाक मारली. घोडी आडवी झाली होती.

आबा तसेच लिदीने भरलेल्या हातांनी धावले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानाशी वाकले. "तुजं लेकरू खातंय गं बाई. कडबा खातंय बग." घोडी केव्हाच गेली होती. आईने दोनदा सांगितलं, तरी आबा तिच्या कानात तेच सांगत राहिले.