आत्तीची अट

माझी आत्ती, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, ऐन तरुणपणी विधवा होऊन आमच्या कोल्हापूरच्या घरी परत आली ती कायमची. मूलबाळ नव्हतं. माझे आईवडील गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो: मी, माझी बायको आणि आत्ती. ब्लाउज शिवून ती स्वतःचा खर्च स्वतः भागवायची. माप एकदा घेतलं की तिला लिहून ठेवावं लागत नसे. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या तिनं एकाच हाताच्या कापल्या, तेव्हा आम्ही हसलो. थोड्या दिवसांनी पुन्हा तसंच झालं, तेव्हा हसलो नाही.

डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं. "आज त्यांना व्यवहार समजतोय. पुढं किती दिवस समजेल, सांगता येत नाही. काय कागदपत्रं करायची असतील ती आत्ताच करा."

मी एका कारखान्यात हिशेब बघतो. कागद वेळेवर झाला की निम्मी काळजी मिटते, असा माझा अनुभव. कुलमुखत्यारपत्र केलं की काम भागेल, असं मी धरून चाललो. आत्तीला आजाराबद्दल काही बोललो नाही. "बँकेच्या कामाला सोपं पडेल," एवढंच सांगून तिला वकीलबाईंकडे घेऊन गेलो.

त्यांनी मसुदा पुढं ठेवताच आत्ती चष्मा न लावता म्हणाली, "कुठं करायची सही?"

तिला तीच सवय होती. घरजमिनीतला हिस्सा सोडल्याचं हक्कसोडपत्रही तिनं असंच केलं होतं. आमच्याकडं भाऊ बोट ठेवतो तिथं बहीण सही करते, आणि वाचायला लागली तर भांडायला आली असं धरतात.

वकीलबाईंनी कागद मागं ओढला. "आत्ती, यात काय लिहिलंय?"

"त्याला म्हाईत हाय की."

"तुम्हाला माहीत पाहिजे."

"एवढी शिकल्याली बाई, आणि वाचायला मलाच लावतीया!"

सगळे हसले, पण कागद परत पुढं आला नाही. बाई मला म्हणाल्या, "यांना समजतंय तोवरच मुखत्यारपत्र चालतं. समज गेली की त्याचा उपयोग संपला. मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते. आज खरी किंमत आहे ती यांच्या स्वतःच्या म्हणण्याला. पण त्यांना काही सांगितलंय का तुम्ही?"

"काय सांगायचंय?" आत्तीनं माझ्याकडं बघितलं.

तिथंच, त्या टेबलासमोर, मला सांगावं लागलं. ती म्हणाली, "म्हंजे आईसारखं."

माझ्या आजीलाही शेवटी माणसं ओळखू येत नव्हती. तिचं सगळं आत्तीनंच केलं होतं.

दुसऱ्या खेपेला सगळं रीतसर झालं. डॉक्टरांचा दाखला जोडून, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी मृत्युपत्र. बँकेतली ठेव माझ्यासोबत संयुक्त नावावर. नळ्या घालून, यंत्रावर ठेवून जगवू नये, अशी नोटरीसमोर नोंदवलेली इच्छा. माझ्या मनातल्या यादीवर तिन्ही खुणा झाल्या. मी उठणार, तेवढ्यात आत्ती म्हणाली, "आजून एक ल्ह्या. मोरीत जायला मला दुसऱ्यानं धरून न्यावं लागंल, आणि कोण नेतंय त्ये मला कळणार न्हाय, तवा मला घरात ठिवायचं न्हाय. आश्रमात ठिवायचं."

"आत्ती, काहीतरीच काय? लोक काय म्हणतील? आत्तीला टाकली म्हणतील."

"लोक येणारेत व्हय मला मोरीत न्यायला?"

"आम्ही आहोत की."

"तू न्हाईस. तुझी बायको हाय." मग आवाज उतरवून म्हणाली, "आईचं मी केलं. शेवटी शेवटी ती कधी जातीया याची वाट बघायची मी. कुणाला बोलले न्हाय. तुझ्या बायकूला तशी वाट बघायला लावू नगंस."

वकीलबाई म्हणाल्या, "हे पाळायला कायदा कुणाला भाग पाडणार नाही. पण लिहूया."

आत्तीनं चष्मा लावला, ओळीवर बोट फिरवत सगळं वाचलं आणि मग सही केली.

ती वेळ आली तेव्हा ती आली असं धरायचं मी टाळलं. आत्तीला धरून मोरीत नेऊन नेऊन बायकोची पाठ धरली होती, ती स्वतःच्या पाठीला पट्टा बांधायला लागली होती. आत्ती तिला "बाई, तुमचं गाव कुठलं?" असं विचारायची. अटीतल्या दोन्ही गोष्टी पुऱ्या झाल्या होत्या आणि मी म्हणत होतो, अजून कधीतरी ओळखते की. एकदा मीच आत्तीला विचारलं, दुसरीकडं राहायला जाशील का?

"नगं. हितंच ऱ्हाऊ दे की मला," ती म्हणाली. लहान मुलासारखं.

आता यातलं कुठलं म्हणणं तिचं धरायचं? मी वकीलबाईंना फोन केला. "कायदा यात काही सांगत नाही. ठरवायचं तुम्हालाच," त्या म्हणाल्या. मग मी बायकोला म्हणालो, "नको म्हणते ती. राहू दे. लिहिलेलं कुठं बंधनकारक आहे?"

बायको पट्टा सोडत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "ते त्यांनी माझ्यासाठी लिहिलंय. तुम्ही कसं खोडताय?"

दुसऱ्या दिवशी मी आश्रमांची चौकशी सुरू केली.

मुरगूडच्या बाजूला वृद्धांची काळजी घेणारी एक संस्था आहे, तिथं जागा मिळाली. रस्ताभर आत्ती उसाच्या ट्रॉल्या बघत खुशीत होती. खोली स्वच्छ होती, सांभाळणारी बाई मायाळू दिसली. आत्ती कॉटवर बसली, चहा प्याली, बशी नीट पालथी घालून ठेवली. मग उठून तिनं माझं मनगट धरलं.

"झालं न्हवं काम? चल, जाऊया घरला."

मी "जाऊया" म्हणालो. सांभाळणाऱ्या बाईंनी तिचा हात हलकेच सोडवून घेतला, आणि मी बाहेर आलो.