डिंभ्याच्या घराची पाचवी खिडकी

"वादळ आल्यावर ही फळी लावायला बाहेर कोण जाणार?" मी विचारलं.

आर्किटेक्टने लॅपटॉपवरून मान वर केली. स्क्रीनवर परदेशातल्या एका घराचं चित्र होतं. खिडक्यांवर बाहेरून जाड फळ्या बसवलेल्या. वादळाचा इशारा आला की लावायच्या, गेलं की काढायच्या. फळी रिसायकल केलेल्या मालाची, म्हणून पर्यावरणाला चांगली.

"कोणीही जाईल. दहा मिनिटांचं काम आहे, मिस्त्री."

मी मिस्त्री नाही. पेठला हायवेवर माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. खिडक्या, ग्रिल, गेट, कांद्याच्या चाळी, सगळं करतो. लोणीहून सायकलवर येऊन दुसऱ्याच्या हाताखाली वेल्डिंग शिकलो, त्याला आता तीस वर्षं झाली. पण ते जाऊ द्या.

घर डिंभ्याला, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून. मालकीण सुलभा मॅडम, पुण्यात कॉलेजात शिकवून रिटायर झालेल्या. एकट्याच राहणार होत्या. पाण्याच्या बाजूला पाच मोठ्या काचेच्या खिडक्या. आमच्याकडे चैत्र-वैशाखात वळीव येतो तो संध्याकाळी चार ते सात, आणि येतो पाण्यावरून. सोबत गारा, फांद्या, कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा. नुसत्या वाऱ्याने आमच्या भागात काच सहसा फुटत नाही, वाऱ्याने फेकलेल्या वस्तूने फुटते. हे मी मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मॅडमकडे कामाला गावातल्या हिराबाई होत्या. त्या चहा घेऊन आल्या आणि तिथेच थांबल्या.

"सांच्याला मी न्हाई जायची भायेर," त्या म्हणाल्या. "परवा त्या वस्तीवरनं शेळी नेली बिबट्यानं. दिवस मावळायच्या आत. फळी लावू का जीव सांभाळू?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉप मिटला. "म्हणजे आतून बंद होणारं काहीतरी हवं. आणि प्लास्टिक नको. दोन वर्षांनी फेकून द्यावं लागेल असंही नको."

मी आधी रोलर शटर सुचवलं. खरं सांगतो, त्यात मला चांगलं सुटतं. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "लाईट गेली तर?" वळवात पहिली जाते ती लाईटच. मी हँडलचं बोललो, पण माझाच आवाज पडला. काचेवर लावायची फिल्म फुटलेले तुकडे धरून ठेवते, गार अडवत नाही. प्लायवूड दोन पावसाळ्यांत सुटतं. एकेक नाव खोडत गेलो.

उत्तर परतताना एका कांद्याच्या चाळीसमोर सापडलं. चाळीच्या भिंती बांबूच्या पट्ट्यांच्या असतात. वारा फटींतून आरपार जातो, म्हणून चाळ उभी राहते. मी आयुष्यात शेकडो बांधल्या आणि हे खिडकीसाठी कधी सुचलं नव्हतं. सपाट फळीवर वारा सगळा जोर लावतो. पट्ट्यांच्या झडपेवर तेवढा लागत नाही, आणि पट्ट्या तिरप्या ठेवून, मध्ये फट राखून एकमेकींवर थोड्या चढवल्या की गार आत येत नाही.

चौकटीला पाडलेल्या गुऱ्हाळाचे सागवानी वासे घेतले. बांबू डिंभ्याच्या वरच्या गावातला, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला. त्या दिवसांत तोडलेल्याला कीड कमी लागते असं तिकडचे लोक म्हणतात. मी तरीही बोरॅक्सच्या पाण्यात भिजवला. विश्वास दोन्हीकडे ठेवलेला बरा. झडप भिंतीवर बाहेरून, वरच्या ट्रॅकमध्ये रोलरवर सरकणारी. कप्पीवरून दोर आत घेतलेला. आत उभं राहून दोर ओढला की झडप बंद.

मॅडमना ते आवडलं. मग आम्ही घासाघीस केली. रेटवर मी हटलो नाही, पण एक मागितलं. मी माझ्या प्रत्येक कामावर वर्कशॉपच्या नावाची बोटभर पितळी पट्टी लावतो. याच आर्किटेक्टने आधी जुन्नरजवळच्या एका फार्महाऊसच्या गेटवरच्या माझ्या पट्ट्या काढायला लावल्या होत्या. जाहिरात दिसते म्हणाला. नंतर एका मासिकात त्या गेटचा फोटो आला. खाली डिझाइन म्हणून त्याचं नाव. ते मासिक माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

"पट्टी लावणार," मी म्हणालो.

मॅडमनी थोडा विचार केला. "पहिला वळीव झेलू द्या. मग लावा."

बाई शिक्षिका होत्या. परीक्षेआधी सर्टिफिकेट देणाऱ्यातल्या नव्हत्या. मी पाचही चौकटींना पट्टीची दोन-दोन भोकं पाडून ठेवली.

दोर बसवायच्या दिवशी आर्किटेक्टचा फोन आला.

"नायलॉन अजिबात नको, मिस्त्री. नॅचरल फायबर वापरा. घायपाताचा दोर छान दिसेल."

घायपाताचा दोर ओला झाला की फुगतो आणि आखडतो. हे बैलाचं दावं सोडलेल्या कुठल्याही पोराला ठाऊक आहे. फुगलेला दोर कप्पीत अडकणार. मला हे त्याच क्षणी दिसलं.

मी म्हणालो, "बरं."

मी कुणाला नुसतं बरं म्हणत नाही. माझ्या बायकोला विचारा. पण त्या दिवशी मनात आलं, याला सगळं कळतं ना, मग अडकू दे. नाव त्याचंच खराब होईल. त्याचा मेसेजही मी मागवून घेतला, लेखी. मोबाईलमध्ये जपून ठेवला.

पुढचे पंधरा-वीस दिवस मला चैन नव्हतं. चार वाजले की मी वर्कशॉपच्या दारात. भीमाशंकरच्या बाजूला ढग बघायचो. पोरं हसायची, शेठ शेती करायला लागले काय म्हणून. पिकअपमध्ये मी स्टीलच्या तारेचं बंडल टाकून ठेवलं होतं. ही तार पाण्याने फुगत नाही, सडत नाही, वर्षानुवर्षं बदलावी लागत नाही. एका तासाचं काम होतं. रोज वाटायचं, उद्या जाऊन बदलून टाकू. रोज तो मेसेज आठवायचा आणि मी जायचो नाही.

एका दिवशी तीनलाच आभाळ काळं झालं. मॅडमना फोन लावला, लागला नाही. हातातलं ग्राइंडर तसंच टाकून पिकअप काढली. मंचर गेलं, घोडेगाव गेलं. डिंभ्याच्या अलीकडे पहिले थेंब काचेवर आले, टपोरे. घराशी पोहोचलो तोवर पाऊस चांगला लागला होता.

चार झडपा बंद होत्या. हिराबाईंनी कोरड्यातच ओढून घेतल्या होत्या. पाचवी अर्ध्यावर उभी. मॅडम त्या खिडकीशी पाण्यावर येणारा पाऊस बघत राहिल्या होत्या. हे मला नंतर कळलं. तेवढ्या वेळात बाहेरचा दोर भिजला. आतून दोघी ओढत होत्या. झडप हलत नव्हती.

"मॅडम, मागे सरका," मी ओरडलो. वाऱ्यात कुणाला ऐकू जाणार.

मग गारा आल्या. आवळ्याएवढ्या. उघड्या अर्ध्या भागातली काच फुटली. हिराबाईंनी मॅडमना मागे खेचलेलं दिसलं, आणि मॅडमच्या हातावरचं रक्तही.

मी झडपेला खांदा लावला. डोक्यावर, मानेवर गारा बसत होत्या. दोर कप्पीत दगडासारखा झाला होता. खिशातल्या कटरने तो कापला तेव्हा झडप सरकली. पाऊस थांबेपर्यंत मी तिथेच पाठ लावून उभा राहिलो, कारण दोर नसल्यावर ती धरायला दुसरं काही नव्हतं. भर वादळात, बाहेर. आर्किटेक्टला मी जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर मीच झालो होतो.

आत गेलो तर हिराबाई मॅडमच्या हाताला हळद लावत होत्या. जखम खोल होती. त्याच पिकअपमधून घोडेगावला दवाखान्यात नेलं, तिथे टाके घातले. परत येताना हिराबाईंना राहवेना.

"चार कशा गपगुमान सरकल्या, भाऊ? ही का मुडदी अडली?"

"दोर भिजला," मी म्हणालो.

"हे तुम्हाला माहीत नव्हतं?" मॅडमनी विचारलं.

मोबाईल डॅशबोर्डवरच होता. मेसेज काढून दाखवायला दोन सेकंद लागले असते. पंधरा-वीस दिवस मी त्याच दोन सेकंदांची वाट बघत होतो. पण मॅडमच्या मांडीवर बँडेज बांधलेला हात होता, आणि माझ्या सीटच्या मागे तारेचं बंडल.

"माहीत होतं," मी म्हणालो. "आर्किटेक्टने सांगितलं, मी रागाने गप्प बसलो."

"लई भारी," हिराबाई म्हणाल्या. "तुमचा राग आन् टाके आमच्या बाईंना."

दुसऱ्या दिवशी मी पाचही खिडक्यांना तार बसवली, काच माझ्या खर्चाने घातली. मॅडम खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या. काम संपल्यावर मी पितळी पट्ट्यांचं पाकीट बाहेर काढलं आणि नुसतंच हातात धरलं. माझी मागायची हिंमत नव्हती. हे माझ्या बाबतीत क्वचित होतं.

"चार खिडक्यांनी वळीव झेलला," मॅडम म्हणाल्या. "चार पट्ट्या लावा."

"पाचवीने नंतर झेलला की, मॅडम. मी धरून का होईना."

"मग तिच्यावर तुमचा फोटो लावायचा का?"

हिराबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी चार पट्ट्या लावल्या.

त्यानंतर पाण्याकाठच्या दोन घरांच्या झडपांचं काम मला मिळालं. आर्किटेक्ट दुसराच आहे, तोही मला मिस्त्रीच म्हणतो. त्याने चुकीचा माल सांगितला की मी तिथेच भांडतो, मालकासमोर, आवाज चढवून. लोक म्हणतात याचं डोकं गरम आहे. असू दे. डोकं गरम असून मी आजवर कुणाला जखम केली नव्हती. केली ती एकदाच, गप्प बसलो तेव्हा.

पाचव्या खिडकीवर आणखी दोन वळीव होऊन गेले. झडप मक्खन सरकते. चौकटीवरची दोन भोकं अजून रिकामी आहेत. बुजवायला मेण नेलं होतं मी एकदा. मॅडम म्हणाल्या, राहू द्या.